जड धातूंनी बिघडलेली जमीन: आधी हिशेब, मग लागवड

नाल्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं भाजी पिकवलेलं रान, बॅटऱ्या फोडणाऱ्या भंगार दुकानामागची जागा, धातूला मुलामा देण्याच्या कामाचं (प्लेटिंगचं) सांडपाणी मुरलेला प्लॉट. अशा जमिनीसाठी ‘मोहरी लावा, सूर्यफूल लावा, दोन हंगामांत माती शुद्ध होईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. लोक बी टोकतात, पीक जोमानं येतं, कापणी होते आणि पाला खतखड्ड्यात किंवा जनावरांपुढे जातो. मातीतलं शिसं बहुतेक होतं तिथंच राहतं. जे थोडं वर आलेलं असतं ते शेणात, दुधात किंवा पुढच्या वाफ्यात उतरतं.

जड धातू कुजून नाहीसा होत नाही. झाडाकडून दोनच कामं करून घेता येतात: मातीतला धातू पाल्यात ओढून घेणं, किंवा तो मुळांपाशी अडकवून तिथंच बांधून ठेवणं. दोन्हीची तयारी वेगळी, झाडं वेगळी, खतं तर एकमेकांच्या उलट. आपल्याला यातलं कोणतं काम हवं आहे हे न ठरवता रोपं आणली की पुढचं सगळं चुकत जातं. म्हणून या लेखात लागवड बरीच उशिरा येते.

खालचे टप्पे एक गुंठा ते एक एकर एवढ्या जागेसाठी आहेत. कारखान्याचा घनकचरा पुरलेली जागा, पिवळं पाणी येणारी विहीर किंवा मातीत चकाकणारे धातूचे तुकडे दिसत असतील तर हे काम घरच्या घरी करू नका. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. दूषित स्थळांसाठी केंद्र सरकारनं २०२५ साली स्वतंत्र नियमही लागू केले आहेत, त्यामुळे ग्रामपंचायत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घेऊन ठेवा.

## टप्पा १: धातू कुठून येतो ते बंद करा

नाल्यातली मोटार चालू ठेवून वाळा (धातू मुळांपाशी अडकवणारं खसाचं गवत) लावणाऱ्यांची संख्या कमी नाही. पाणी येत राहिलं तर झाड वर्षभरात जेवढं घेईल त्याहून जास्त चार पाळ्यांत परत येतं.

पाण्याखेरीज आणखी तीन वाटा तपासा. नाल्यातला काढलेला गाळ ‘कसदार’ म्हणून बांधावर टाकलेला असतो. शहरी कचऱ्याचं खत आणलेलं असतं. शेजारच्या दुकानाची धूळ वाऱ्याबरोबर येते. शहरी कंपोस्टला खत नियंत्रण आदेशात मर्यादा घालून दिल्या आहेत: दर किलोला शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५०. विकत घेतलेल्या खताचा अहवाल मागा. तो मिळत नसेल तर ते खत या जागेत आणू नका.

इशारा: पाणी बंद केल्यावर विहिरीचं पाणी वापरणार असाल तर आधी तेही तपासून घ्या. नाल्याच्या काठची विहीर अनेकदा नाल्याचंच पाणी ओढते.

## टप्पा २: मातीचे नमुने, आणि तेही तुकड्यातुकड्यानं

सर्वांत जास्त घोटाळा इथं होतो. शेताच्या मधोमध एक खड्डा, किलोभर माती, एक अहवाल, आणि त्यावर पुढच्या दहा वर्षांचे निर्णय.

नाल्याच्या पाण्यावरच्या शेतात धातू सारखा पसरलेला नसतो. पाटाचं पाणी जिथं प्रथम शिरतं तिथं गाळ बसतो आणि धातू बहुतांशी गाळाला चिकटून येतो. त्यामुळे पाटाच्या तोंडाजवळचे पहिले वाफे सर्वांत खराब आणि शेवटचे तुलनेनं बरे, असं चित्र नेहमी दिसतं. म्हणून शेताचे निदान तीन भाग करा: तोंड, मध्य, शेवट. प्रत्येकाचा नमुना वेगळा.

एका भागाचा नमुना असा घ्या:

१. नागमोडी चालत आठ-दहा जागा ठरवा. बांध, उकिरडा, झाडाची सावली, रस्त्याची कड टाळा.

२. वरचा काडीकचरा बाजूला करा. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा १५ सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि एका बाजूची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची चकती काढा. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं किंवा गंजलेलं खुरपं नको. स्टेनलेस स्टीलचं खुरपं आणि प्लास्टिकची बादली वापरा, नाहीतर अहवालातलं जस्त तुमच्या घमेल्याचं निघेल.

३. सगळी माती स्वच्छ प्लास्टिकवर मिसळा, गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा.

४. सावलीत वाळवा. पिशवीवर भागाचं नाव, खोली आणि तारीख लिहा.

त्याच जागी १५ ते ३० सेंटिमीटर खोलीचा दुसरा नमुनाही घ्या. वरच्या थरात धातू जास्त आणि खाली कमी असेल तर तो बाहेरून आलेला आहे, आणि झाडांची मुळं पोचतील अशा थरात आहे.

आणखी एक नमुना कधीही विसरू नका: त्याच प्रकारच्या मातीचा, पण नाल्याचं पाणी कधीच न पोचलेल्या वरच्या अंगाच्या जागेचा. महाराष्ट्रात हा फार महत्त्वाचा आहे. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि तिच्यात तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतं. कोकण-गोव्याच्या जांभ्यातही क्रोमियमचे आकडे मोठे दिसतात. तुलनेला कोरा नमुना नसेल तर खडकाच्या मूळ तांब्याला तुम्ही प्रदूषण समजाल आणि ते काढण्यात वर्षं घालवाल.

तपासा: तोंड, मध्य, शेवट यांचे प्रत्येकी दोन खोलींचे नमुने आणि कोरा नमुना, म्हणजे कमीत कमी सात पिशव्या. खर्च वाढतो हे खरं, पण या टप्प्यावर वाचवलेले पैसे पुढे चुकीच्या रोपांवर जातात.

## टप्पा ३: प्रयोगशाळेत नेमकं काय मागायचं

‘माझ्याकडे मृद आरोग्य पत्रिका आहे’ असं सांगणारे बरेच भेटतात. त्या पत्रिकेत बारा घटक असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक त्यात नाहीतच. आणि जस्त-तांब्याचे जे आकडे असतात ते पिकाला मिळू शकणाऱ्या भागाचे असतात, एकूण साठ्याचे नव्हेत.

एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी मागा. पहिली, आम्लात विरघळवून मोजलेलं एकूण प्रमाण. दुसरी, डीटीपीए द्रावणानं निघणारं उपलब्ध प्रमाण. एकूण आकडा धोका किती साठलेला आहे ते सांगतो, उपलब्ध आकडा त्यातला किती झाडाच्या मुळांना हाती लागेल ते सांगतो. जोडीला सामू, सेंद्रिय कर्ब आणि चुनखडीचं प्रमाण हवंच. प्लेटिंग किंवा चामड्याच्या कामाशी संबंधित जागा असेल तर षट्संयुजी क्रोमियम वेगळं मोजायला सांगा. एकूण क्रोमियमच्या आकड्यावरून त्याचा अंदाज येत नाही, आणि खरा विषारी प्रकार तोच आहे.

अहवालात ‘बीडीएल’ असं लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ शून्य नाही. यंत्र ज्या पातळीखाली मोजू शकत नाही त्याच्या खाली, एवढाच अर्थ. ती पातळी किती आहे ते विचारून घ्या. कॅडमियमच्या बाबतीत ती ५ मिलिग्रॅम असेल तर त्या अहवालाचा काही उपयोग नाही.

शेतजमिनीसाठी भारतातल्या अभ्यासांत सहसा वापरल्या जाणाऱ्या मर्यादा दर किलो मातीला अशा आहेत: कॅडमियम ३ ते ६ मिलिग्रॅम, शिसं २५० ते ५००, निकेल ७५ ते १५०, तांबं १३५ ते २७०, जस्त ३०० ते ६००. मात्र आपला आकडा आधी कोऱ्या नमुन्याशी ताडून पाहा, मगच या यादीशी.

## टप्पा ४: ओढायचं की बांधायचं?

आता कागद-पेन घ्या. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्याचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण २० टन भरतो. म्हणून दर किलोला १ मिलिग्रॅम म्हणजे गुंठ्यात २० ग्रॅम धातू. हे एक सूत्र पाठ ठेवलं तर कोणाच्याही जाहिरातीला तुम्ही भुलणार नाही.

शिशाचं उदाहरण घेऊ. मातीत ४०० मिलिग्रॅम आहे, २५० वर आणायचं आहे. फरक १५० चा, म्हणजे गुंठ्यातून ३ किलो शिसं बाहेर काढायचं. मोहरीचा वाळलेला पाला-काडी गुंठ्याला ६० किलो धरा आणि त्यात शिसं उदार मनानं किलोला १०० मिलिग्रॅम धरा. एका पिकात निघालं ६ ग्रॅम. म्हणजे ५०० पिकं. वर्षाला दोन घेतली तरी अडीचशे वर्षं! काळ्या मातीत तर याहून वाईट, कारण तिथला सामू ८ च्या आसपास, चिकणमाती भरपूर आणि चुनखडीही असते. शिसं तिला घट्ट धरून बसतं.

कॅडमियम ४ वरून २ वर आणायचं म्हणजे ४० ग्रॅम. मोहरीत किलोला २० मिलिग्रॅम आलं असं धरलं तर एका पिकात १.२ ग्रॅम, म्हणजे तेहतीस पिकं. माती जसजशी उतरत जाते तसतसं झाडही कमी उचलतं, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्त.

आर्सेनिकचं गणित वेगळं निघतं. टेरिस व्हिट्टाटा नावाचं नेचं आपल्या पानांत किलोला हजार मिलिग्रॅमहून जास्त आर्सेनिक साठवतं. हा गुण २००१ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवून दिला. गुंठ्याला ३० किलो वाळलेली पानं धरली तर वर्षाला ३० ग्रॅम. ४० वरून २० वर यायला ४०० ग्रॅम काढायचे, म्हणजे तेरा-चौदा वर्षं. लांब आहे, पण आवाक्यातलं आहे. हे नेचं दमट हवेत, अर्धवट सावलीत, विहिरींच्या आणि जुन्या चुन्याच्या भिंतींवर रुजतं. मराठवाड्यातल्या उघड्या रानात ते उन्हाळ्यात टिकवणं अवघड जातं. आर्सेनिकचा मोठा प्रश्न गंगेच्या खोऱ्यात आहे, त्यामुळे आपल्याकडे या झाडाची गरज मुळातच थोड्या जागी पडेल.

माझं स्पष्ट मत असं आहे: महाराष्ट्रातल्या शिसं, क्रोमियम, निकेल, तांबं असलेल्या जवळजवळ प्रत्येक जागी ओढण्याचा विचार सोडून द्या आणि बांधून ठेवा. माती उघडी पडू द्यायची नाही, धूळ उडू द्यायची नाही, पावसाचं गढूळ पाणी शेजाऱ्याच्या शेतात जाऊ द्यायचं नाही, आणि धातू मुळांपाशी अडकवायचा. हेच काम झाडं फार चांगलं करतात आणि त्याचा फायदा पहिल्या पावसाळ्यापासून मिळतो. ओढण्याचा प्रयोग करायचाच असेल तर तो कॅडमियम किंवा जस्त थोडंसंच वाढलेल्या जागी, आधी एका कोपऱ्यात करा. पाला प्रयोगशाळेत तपासा आणि वरच्या सूत्रात माझे आकडे काढून तुमचे घाला.

इशारा: शिसं भराभर वर यावं म्हणून ईडीटीए टाकायला सांगणारे आहेत. टाकू नका. ते धातूला मातीपासून सोडवतं खरं, पण सुटलेला सगळा धातू झाड घेत नाही. उरलेला पावसाबरोबर खाली जातो आणि विहिरीत उतरतो.

## टप्पा ५: मातीची तयारी, धातू पाहून

इथून पुढचं सगळं बांधून ठेवण्यासाठी आहे.

वेळेचं गणित असं जमतं: रब्बी निघाल्यावर एप्रिलमध्ये नमुने, मे महिन्यात अहवाल, वळवाच्या पावसानंतर माती सुधारणा, जूनच्या शेवटी किंवा जुलैत लागवड. सुधारकं टाकल्यावर दोन-तीन आठवडे ती मातीत मुरू द्या, लगेच रोपं लावू नका.

सेंद्रिय खत. गुंठ्याला ४०० ते ६०० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत. नेहमीच्या शेतीच्या मानानं हे फार वाटेल, पण इथं ते पिकाच्या पोषणापेक्षा धातू धरून ठेवायला हवं आहे. कच्चं शेण नको. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर झाडं उभी केली ती साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि जिवाणू-बुरशीची खतं वापरून. जवळ कारखाना असेल तर प्रेसमड चांगली, फक्त ती थंड झालेली आणि कुजलेली असू द्या.

चुना. कोकण, गोवा, कोल्हापूरच्या पश्चिमेकडची आम्ल जमीन असेल आणि सामू ६ च्या खाली असेल तर तो ६.५ ते ७ पर्यंत आणा. काळ्या मातीत चुना टाकायचं कारण नाही, तिचा सामू आधीच जास्त आहे.

स्फुरद. शिशासाठी हा सर्वांत कामाचा. स्फुरदाबरोबर शिसं अत्यंत न विरघळणाऱ्या खनिजात बांधलं जातं. आम्ल मातीत रॉक फॉस्फेट चालतं, काळ्या मातीत ते विरघळतच नाही, तिथं सुपर फॉस्फेट घ्या. चुना आणि सुपर फॉस्फेट एकाच दिवशी टाकू नका.

इशारा: आर्सेनिक असेल तर वरचा क्रम उलटतो. स्फुरद आर्सेनिकला मातीवरून हुसकावून मोकळं करतो, चुनाही त्याला सैल करतो. शिसं आणि आर्सेनिक दोन्ही जास्त असतील तर स्फुरद टाकण्याआधी कृषी विद्यापीठातल्या मृदशास्त्र विभागाला अहवाल दाखवा.

कॅडमियम असलेल्या जागी म्युरेट ऑफ पोटॅश टाळा. त्यातला क्लोराइड कॅडमियमला झाडापर्यंत पोचवतो. पालाश लागलंच तर सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. अमोनियम सल्फेटही नको, त्यानं माती आम्ल होत जाते.

## काम करताना शरीर सांभाळा

हा टप्पा नाही, पण पाचव्यापासून शेवटापर्यंत लागू आहे. माती ओली करून मगच खणा. रबरी हातमोजे, गमबूट, नाकातोंडाला चांगला मास्क. शिसं शरीरात जाण्याचा मोठा मार्ग म्हणजे तोंड, आणि शेतात तोंडाकडे हात सर्वांत जास्त जातो तो तंबाखू मळताना. मजुरांना हे सुरुवातीलाच नीट समजावून सांगा: या रानात तंबाखू, विडी, भाकरी काही नाही. बाहेर यायचं, साबणानं हात धुवायचे, मग खायचं. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

जागा शिशाची असेल आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर ते कुठून येतं ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

## टप्पा ६: वाळ्याची लागवड

बांधून ठेवण्यासाठी वाळ्याइतकं भरवशाचं झाड आपल्याकडे दुसरं नाही. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, आम्ल माती आणि खारी माती दोन्ही सोसतात, आणि घेतलेला धातू बहुतेक मुळांतच राहतो, पानांत फार कमी चढतो. आपल्याला नेमकं हेच हवं. दक्षिण भारतातले, बी न धरणारे वाण घ्या. उत्तरेकडचे बी धरणारे वाण शेजारी पसरतात.

१. ओळी आखा. उतार असेल तर ओळी उताराला आडव्या, समपातळीवर. दोन ओळींत एक मीटर. सर्वांत खालच्या बाजूला आधी मातीचा बांध घाला आणि शेवटची ओळ त्याला लागून येऊ द्या. गढूळ पाणी अडतं ते या ओळीत.

२. ठोंब तयार करा. ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा. वरची पानं २० सेंटिमीटर ठेवून छाटा, मुळं ८-१० सेंटिमीटर ठेवून छाटा. सुकलेले, पोकळ फुटवे टाकून द्या. तयार ठोंब ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा आणि दोन दिवसांच्या आत लावा.

३. लावा. ओळीत १५ सेंटिमीटरवर एक. दहा बाय दहा मीटरच्या गुंठ्यात साधारण ७०० ठोंब लागतील, शिवाय तुटाळीसाठी, म्हणजे मेलेल्या ठोंबांच्या जागी लावायला, ७०-८० वेगळे पिशव्यांत वाढवून ठेवा. मुळं वर वळू देऊ नका. बुंधा नीट दाबा, हवा राहिली तर ठोंब वाळतो.

४. पाणी. पहिल्या महिन्यात पावसानं उघडीप दिली तर दर तीन-चार दिवसांनी. पण पाणी साचेल इतकं नाही. साचलेल्या पाण्यात आर्सेनिक मोकळं होतं आणि वाहत्या पाण्याबरोबर माती निघून जाते.

तपासा: तीन आठवड्यांनी ओळीतला एखादा ठोंब हलक्या हातानं ओढून पाहा. जागचा हलला नाही तर रुजला. ओळीत सलग दोन ठोंब मेले असतील तर लगेच तुटाळी भरा. एका फटीतून निघालेलं पाणी पुढे तिथंच घळ पाडतं.

वाळ्याला सावली सोसत नाही. पहिले तीन-चार महिने उंच तण काढत राहा. तीन-चार महिन्यांनी पानं ३०-४० सेंटिमीटरवर छाटा, म्हणजे फुटवे वाढतात आणि ओळ भिंतीसारखी मिटते.

दोन ओळींमधली जमीन मोकळी ठेवू नका. हरळी लावा, ती धातू सोसते आणि उन्हाळ्यात धूळ धरते. फक्त त्या हरळीच्या दूर्वा गणपतीला तोडायला कोणी येणार नाही याची काळजी घ्या.

कुंपणासाठी निरगुडी, घायपात आणि एरंड. शेळ्या यांना सहसा तोंड लावत नाहीत. मोठी झाडं हवी असतील तर करंज चांगला. सुबाभूळ नको, त्याचा पाला शेळ्यांना तोडून नेल्याशिवाय गावात कोणी राहत नाही.

## सर्वांत मोठी चूक: मुळं विकणं

हे वेगळं लिहावं लागतं, कारण मोह मोठा आहे. वाळ्याच्या मुळांना बाजार आहे. अत्तरासाठी, कूलरच्या ताट्यांसाठी, माठात टाकायला, सरबताला. दोन-तीन वर्षांनी ओळी भरल्या की कोणीतरी भाव सांगायला येतंच. त्या मुळांत तुमच्या रानातलं शिसं आणि क्रोमियम आहे. ती मुळी माठात पडली तर ते पाणी कोणाच्या तरी घरातली मुलं पिणार आहेत.

या जागेतली मुळं खणायचीच नाहीत. खणलं की बांधलेली माती सुटते आणि सगळं काम पाण्यात जातं. जमीन वाट्यानं किंवा भाड्यानं देणार असाल तर करारात हे लिहा.

## टप्पा ७: कापलेल्या पाल्याचं काय

वाळ्याची छाटलेली पानं पहिल्या छाटणीत प्रयोगशाळेत द्या. धातू कमी निघाला तर ती त्याच ओळींमध्ये आच्छादन म्हणून पसरा. जागेबाहेर काहीच जायला नको.

ओढण्याचा प्रयोग म्हणून मोहरी, सूर्यफूल किंवा नेचं लावलं असेल तर पाला फुलोऱ्याच्या सुमाराला, दाणे भरण्याआधी कापा. पाखरं आणि माणसं दोघंही दाण्यांकडे येतात. मोहरीच्या कोवळ्या पानांची भाजी करायला शेजारच्या बायका येतात, म्हणून बांधावर मोठ्या अक्षरांत पाटी लावा. कापलेला पाला ताडपत्रीवर वाळवा, पिशव्यांत भरा, पिशवीवर लिहा आणि कोरड्या जागी ठेवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला विचारून तो घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्रात पाठवायचा असतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला अशी केंद्रं आहेत. हा खर्च आणि ही धावपळ लागवडीच्या आधी विचारून घ्या. ज्याची सोय नाही तो पाला उगवूच नका.

काय करायचं नाही: खतखड्डा नाही, गांडूळखत नाही, गोबरगॅस नाही, चारा नाही, चूल नाही. जाळल्यावर शिसं राखेत राहतं, पण कॅडमियम आणि आर्सेनिकचा बराच भाग धुरात जातो, आणि ती राख भांडी घासायला किंवा भाजीवर टाकायला वापरली जाते. कापूस लावून सुटका होत नाही, कारण सरकी जनावरांच्या पेंडीत जाते. एरंडीचं तेल खाण्यात नसलं तरी एरंडीची पेंड खत म्हणून विकली जाते.

## पाण्यासाठी थोडक्यात

नाल्याचं किंवा तळ्याचं पाणी साफ करायला कर्दळ आणि रामबाण (पाणकणीस) खडीच्या थरात लावले तर ते गाळ आणि धातू अडवतात. जलपर्णीही मुळांत धातू घेते. पण ती मेली की सगळं परत पाण्यात सोडते, आणि तिचं खत करून शेतात टाकणं म्हणजे नाला उचलून शेतात आणणं. जलपर्णी वापरायची असेल तर ती हिरवी असतानाच काढायची आणि टप्पा ७ प्रमाणे वागवायची.

## टप्पा ८: दर वर्षी काय मोजायचं

बांधून ठेवण्याच्या कामात मातीचा एकूण आकडा कमी होत नाही. हे आधीच समजून घेतलं नाही तर दुसऱ्या वर्षी अहवाल पाहून लोक वाळा उपटतात. तुम्हाला पाहायचं आहे ते डीटीपीएचं उपलब्ध प्रमाण. ते उतरत असेल तर काम होत आहे. दर वर्षी एप्रिलमध्ये, त्याच जागी, त्याच खोलीवर आणि त्याच प्रयोगशाळेत तपासा. प्रयोगशाळा बदलली की आकडे ताडता येत नाहीत.

पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर खालच्या बांधाबाहेर किती गढूळ पाणी जातं ते बघून या. विहिरीचं पाणी वर्षातून एकदा. सामूही पाहा. आम्ल मातीत दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा उतरतो आणि चुना पुन्हा द्यावा लागतो.

पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर युरिया ओतू नका. जस्त किंवा निकेल जास्त झालं की झाडाला लोह मिळत नाही, त्याची ही खूण असते.

## पुन्हा खायचं पीक कधी?

मातीच्या अहवालावर हा निर्णय घेऊ नका, पिकाच्या अहवालावर घ्या. उपलब्ध प्रमाण कोऱ्या नमुन्याच्या जवळ आल्यावर चांगल्या भागातल्या एका वाफ्यात चाचणी पीक घ्या. सुरुवात टोमॅटो, घेवडा, मका अशा फळ-शेंग-दाण्यांपासून. पालक, तांदुळजा, अळू, मुळा, गाजर यांच्यात धातू सर्वांत जास्त उतरतो, त्यांचा नंबर अगदी शेवटी.

नमुना घरी धुतो तसा धुऊन द्या, आणि निकाल ओल्या वजनावर मागा. पालेभाजीत नव्वद टक्के पाणी असतं, त्यामुळे वाळलेल्या वजनाचा आकडा दहापट दिसतो. उलट वाळलेल्या वजनाची मर्यादा समजून ओला आकडा ताडला तर खराब भाजीही चांगली ठरते. अन्नासाठीच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांत पालेभाजीसाठी ओल्या वजनावर शिसं किलोला ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.२ एवढी मर्यादा आहे.

दोन वेगवेगळ्या हंगामांचे अहवाल त्या त्या पिकाच्या मर्यादेखाली आले तरच तेवढा भाग शेतीला मोकळा करा. पाटाच्या तोंडाजवळचे वाफे मात्र वाळ्याखालीच राहू द्या, आणि त्यांची जागा गटाच्या नकाशावर खूण करून अहवालांच्या फायलीत लावून ठेवा.